सातव्या घरचा वाटा

टोकियोच्या फुनाबोरीतल्या कावळ्यांना कुणाचीच भीडभाड नाही. जळाऊ कचरा उचलायच्या दिवशी ते सकाळीच विजेच्या तारांवर येऊन बसतात. कुणी एखादी पिशवी जाळीखाली नीट सरकवली नसेल, तर कचऱ्याची गाडी येईपर्यंत त्यांची न्याहारी उरकलेली असते. त्या सोमवारी कचऱ्याची जागा सांभाळायची पाळी गारेगिनकडे होती. पाळीची पाटी शेजारच्या दारावरून त्याच्या दाराच्या मुठीला येऊन लटकली होती, आणि गारेगिनच्या लेखी पाळी म्हणजे पाळी. आर्मेनियातून येऊन जपानात वीसेक वर्षं काढलेला माणूस तो, काही बाबतींत जपान्यांच्याही वरताण झाला होता. कामावर जायच्या आधी हातमोजे, झाडू आणि चिमटा घेऊन तो खाली उतरला.

दोन कावळे जाळीबाहेर राहिलेली एक पिशवी ओढत होते. त्याने झाडू उगारला. कावळे उपकार केल्यासारखे सावकाश बाजूला झाले. पिशवीच्या चिंध्या झाल्या होत्या आणि आतलं सगळं फुटपाथवर पसरलं होतं. चहाचा चोथा, कढीलिंबाच्या काड्या, परवाच त्याने स्वतःच्या हातोडीने फोडून दिलेल्या नारळाच्या करवंट्या. आणि त्या सगळ्यात पातळ रोटीची एक मोठी घडी. घडी उलगडली होती आणि तिच्यातून मिठाच्या पाण्यात उकडलेलं मटण बाहेर आलं होतं.

गारेगिन वाकला तो वाकलेलाच राहिला.

ती रोटी त्याच्या घरची होती. आर्मेनियन लोक तिला लवाश म्हणतात. त्याची बायको शुशान ती उलट्या कढईवर भाजते, आपल्याकडे खापरावर मांडे करतात तशी, आणि भाजायच्या आधी बोटाने तिच्यावर क्रूस काढते. ते मटणही त्याच्याच घरचं होतं. काल रविवारी, क्रूसाच्या सणाला, देवाचं नाव घेऊन शिजवलेलं. आणि नारळ होता विभाचा. तिसऱ्या मजल्यावरच्या विभाचा, जिला तो गेली नऊ वर्षं मुलगी मानत आला होता.

आता यात एवढं आभाळ कोसळण्यासारखं काय, असं कुणाला वाटेल. कुणी दिलेलं अन्न कुणी टाकून देतं, वाईट वाटतं, विसरून जातो आपण. पण हे नुसतं अन्न नव्हतं. त्याला मताघ म्हणतात.

गारेगिन आर्मेनियातल्या ग्युम्रीचा. शाळेत असताना त्या गावात भूकंप झाला आणि शाळेची इमारत वर्गासकट खाली बसली. आईने ढिगाऱ्यासमोर उभं राहून नवस केला की पोरगं जिवंत निघालं तर मताघ करीन. पोरगं निघालं. घरात खायला नव्हतं, अंगावर गरम कपडा नव्हता, तरी त्या बाईने कुठून तरी एक कोंबडा पैदा केला, मंतरलेलं मीठ घालून उकडला आणि सात घरी वाटला. मताघचे नियम साधे आहेत, पण त्यांत सूट नाही. ज्या दिवशी शिजवायचं त्याच दिवशी वाटायचं. बदल्यात काही घ्यायचं नाही. घेणाऱ्याने ते खायचं. उरलेली हाडं मातीत पुरायची, कारण देवाच्या नावाने केलेलं उकिरड्यावर जात नाही. स्वतःचा जीव त्या कोंबड्याच्या जोरावर वर आला, यावर गारेगिनचा इतका विश्वास होता की त्याच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

पुढे तो वेल्डर झाला. वेल्डर बरेच असतात, पण गारेगिनची जोडणी म्हणजे बघत राहावं अशी. ज्या नळ्यांमधून हवेचा शेवटचा कणसुद्धा काढून घेतात, तसल्या नळ्या तो जोडायचा. जपानातल्या त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेला असा माणूस हवा होता. तो आला, बायको आणि लहानगी नारे मागोमाग आल्या. करार संपल्यावर कावासाकीतल्या एका छोट्या कारखान्याने त्याला ठेवून घेतलं. राहायला फुनाबोरी, कारण शुशानला तिथल्या टॉवरवरून नदी दिसते म्हणून ते गाव आवडलं होतं. सकाळी गाडी, दिवसभर काम, संध्याकाळी घर, रविवारी प्रार्थना. जवळपास आर्मेनियन चर्च नाही. वर्षातून एकदा बाहेरून एक पाद्री येतो आणि दुसऱ्यांच्या चर्चची खोली मागून घेऊन प्रार्थना चालवतो. बाकीचे रविवार हे तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभं राहून प्रार्थना म्हणायचे. भाड्याच्या घरात आवाज नको म्हणून हळू म्हणायचे.

नारे पहिलीत गेली आणि तिच्या हृदयाची झडप नीट नसल्याचं निघालं. ऑपरेशन झालं. ते चालू असताना गारेगिन इस्पितळाच्या बोळात उभा होता आणि आईने ढिगाऱ्यासमोर केलं तेच त्याने केलं. पोर वाचू दे, मी जगेन तोवर दरवर्षी सात घरी मताघ वाटीन. पोर वाचली. तेव्हापासून शिन-ओकुबोतल्या बांगलादेशी खाटकाकडून तो दर सप्टेंबरात कोकरू आणतो. खरं तर मंतरलेलं मीठ आधी जनावराला चाटवायचं असतं. इथे ते जमत नाही म्हणून पाद्र्याला विचारलं, तर तो म्हणाला, जपानचे कायदे देवालाही माहीत आहेत, मीठ पातेल्यात घाल.

सात घरं मिळवणं सोपं नव्हतं. एक खाटकाचंच. एक कारखान्याच्या मालकाचं. तळमजल्यावरच्या मात्सुदा आजी, नाक्यावरचं नेपाळी हॉटेल चालवणारं जोडपं, अशी करत सहा पक्की झाली. सातवं एका म्हाताऱ्या जपानी शिक्षकाचं होतं. ते वारले आणि त्याच वर्षी तिसऱ्या मजल्यावर विभा आणि उदय राहायला आले.

उदय पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. विभा त्याच्यामागून तान्ह्या ओवीला घेऊन आलेली. तिला जपानी भाषेतलं 'हो' आणि 'धन्यवाद' एवढंच येत होतं. एका दुपारी ओवीला ताप चढला आणि डोळे फिरले. उदय ऑफिसात, फोन लागेना. विभा पोरीला छातीशी धरून जिन्यात ओरडत सुटली. सुट्टीचा दिवस म्हणून गारेगिन घरी होता. त्याने पोरगी घेतली, टॅक्सी अडवली, इस्पितळातल्या माणसांशी भांडून तिला आत नेली आणि ताप उतरेपर्यंत बाहेर बसून राहिला. तेव्हापासून तो त्या घरचा काका झाला. शुशानचा गुडघा बदलला तेव्हा विभाने महिनाभर खालच्या मजल्यावर डबा पोचवला. नारे तर तिला विभाताईच म्हणते. हे सगळं खरं होतं, आजही खरं आहे, आणि म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

त्या ओवीच्या तापानंतर महिन्याभराने क्रूसाचा सण आला. गारेगिन वाडगा घेऊन तिच्या दारात गेला. हातवारे करून, छातीवर बोट ठेवून, नारेचा फोटो दाखवून त्याने काय ते समजावलं. विभाने दोन्ही हातांनी वाडगा घेतला, वाकून नमस्कार केला आणि तो दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटावर ठेवला. ही जपानी रीत असावी असं त्याला वाटलं. संध्याकाळी ती धुतलेला वाडगा घेऊन आली तर त्यात शिरा! रिकामं भांडं परत करायचं नसतं, असं काहीतरी ती सांगत होती. इकडे गारेगिनला घाम फुटला, कारण मताघच्या बदल्यात काही घेतलं तर नवस बाटतो. बऱ्याच खाणाखुणांनंतर तोड निघाली. वाडगा दुसऱ्या दिवशी परत यायचा, म्हणजे शिरा मताघचा मोबदला ठरत नाही. मग दरवर्षी दुसऱ्या दिवशी शिऱ्याने भरलेला वाडगा यायचा आणि विभा म्हणायची, "छान झालं होतं. सगळं संपलं." तिला जपानी जसजसं यायला लागलं तसतसं हे वाक्य सफाईदार होत गेलं.

भारतीय लोकांत पुष्कळ जण मांस खात नाहीत हे गारेगिनला ठाऊक नव्हतं असं नाही. एवढ्या भारतीयांच्या फुनाबोरीत राहून ते कुणाला ठाऊक नसणार? पण त्याने उदयला स्टेशनजवळच्या गाड्यावर ऑफिसातल्या मित्रांबरोबर काडीला टोचून भाजलेली कोंबडी खाताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. एकदा नव्हे, अनेकदा. त्याने हिशेब सरळ केला. नवरा खातो म्हणजे घर खातं.

आणि आणखी एक गोष्ट होती. गणपतीची. विभाच्या घरी दहा दिवसांचा गणपती असतो. देवाला वाहिलेली फुलं दुसऱ्या दिवशी ती एका टोपलीत काढून ठेवायची. टोपली भरून वाहायला लागली की तिच्या जिवाला घोर. नदीत टाकायची सोय नाही, इथे दंड होतो. गारेगिन म्हणाला, जळाऊ कचऱ्यात टाक, फुलं जळतात. विभाने कानांना हात लावले. "नाही काका, देवाला वाहिलेलं कचऱ्यात टाकायचं नसतं. पाप लागतं."

हे ऐकून गारेगिनला केवढा आनंद झाला होता! परक्या मुलखात, परक्या धर्मात, आपल्या आईचं वाक्य कुणीतरी बोललं होतं. त्याने कारखान्यात दोन रविवार घालवून तिच्यासाठी स्टीलची एक पेटी बनवली. खाली बारीक भोकं, वर झाकण, आत माती. फुलं तिच्यात टाकायची, वर्षभरात त्यांची माती होते, त्या मातीत तुळस लावायची. पेटीच्या जोडण्या त्याने प्रयोगशाळेच्या नळ्यांसारख्या केल्या होत्या. फुलांना त्याची काय गरज, असं मालकाने हसून विचारलं, तर गारेगिन म्हणाला, पेटी देवाची आहे.

फुटपाथवर वाकलेल्या गारेगिनला ही पेटी आठवली. वाळलेल्या फुलांना पेटी. आणि माझ्या पोरीच्या जिवासाठी केलेलं करवंट्यांबरोबर, चहाच्या चोथ्याबरोबर.

त्यात गुरुवारी नारेचं दुसरं ऑपरेशन होतं. लहानपणी बसवलेली झडप आता पुरेनाशी झाली होती, नवी बसवायची होती. डॉक्टर म्हणत होते काळजीचं कारण नाही. गारेगिनला मात्र आयुष्यभराच्या कामाने एकच शिकवलं होतं. नळी कितीही मोठी असो, एका जोडात केसाएवढी फट राहिली तर आत निर्वात पोकळी टिकत नाही, सगळी नळी वाया. सातांतलं एक घर नऊ वर्षं गळत होतं, आणि गळती शोधण्यात ज्याचा हात कुणी धरत नाही त्या माणसाला ती दिसली नव्हती.

त्याने लवाश उचलली, मटणाचा एकेक तुकडा वेचून तिच्यात ठेवला आणि जिना चढला.

दार विभाने उघडलं. घरात उदबत्तीचा वास होता, आरती नुकतीच झाली असावी. "काका! या ना, बरोब्बर प्रसादाच्या वेळेला," ती म्हणाली. बोलणं नेहमीसारखं जपानीत, दोघांच्याही मोडक्या पण एकमेकांना सरावलेल्या जपानीत. मग तिची नजर त्याच्या हातांकडे गेली.

"हे तुझ्या पिशवीतलं आहे?" त्याने विचारलं.

विभाने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर बाहेर येऊन पाठीमागे दार ओढून घेतलं. आतल्या गणपतीला हे दिसू नये म्हणून. गारेगिनला ते कळलं, आणि सबंध सकाळीत त्याला जर काही लागलं असेल तर ते दाराचं ओढून घेणं.

"सॉरी, काका. आम्ही... आमच्या घरात मांस चालत नाही."

"यंदा? देव बसलाय म्हणून?"

विभाला खोटं बोलायला ही एक आयती फट मिळाली होती. ती तिने घेतली नाही, एवढं तिच्या बाजूने म्हणायला हवं. "नाही. कधीच नाही."

"पहिल्या वर्षापासून?"

तिने मान हलवली.

"उदय खातो. मी बघितलंय."

"तो बाहेर खातो. घरात नाही."

गारेगिनला हे उलगडेना. बाहेर म्हणजे काय? तोंड तेच, पोट तेच, आणि ते पोट घेऊन तो माणूस घरातच येतो ना झोपायला? आपल्याकडे निम्मी घरं या बोलीवर चालतात, आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण ग्युम्रीच्या माणसाने हे ओळखायला हवं होतं म्हणणं म्हणजे जुलूमच.

दार पुन्हा उघडलं. कानाला हेडसेट लावलेला उदय डोकावला. "काय गं? मीटिंग चालू आहे माझी..." मग त्याने बघितलं आणि मराठीत पुटपुटला, "अरे देवा. तू अजून सांगितलं नव्हतंस त्यांना?"

"तूच म्हणालास ना, कशाला उगाच दुखवायचं म्हणून! आणि पिशवी जाळीखाली घाल म्हटलं होतं ना तुला? एक काम नीट करशील तर शपथ."

"आता ते माझ्यावर काढ." उदय गारेगिनकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "काका, प्लीज गैरसमज करून घेऊ नका. वी रिअली रिस्पेक्ट युवर ट्रॅडिशन. मी पहिल्या वर्षी बाहेर उभं राहून एक घास खाल्ला होता. पण त्याला मसाला नाही, काही नाही... नाही गेलं. इट्स ओन्ली फूड, काका."

गारेगिनने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हेडसेटमधून कुणीतरी "उदय-सान?" असं म्हणालं आणि उदय आत गेला.

"नाही म्हणायला काय झालं होतं?" गारेगिन विभाला म्हणाला.

"कसं म्हणणार होते, काका?" विभा म्हणाली. "ओवीला तुम्ही वाचवलंत. महिन्याभरात तुम्ही नारेचा फोटो घेऊन दारात उभे. पोरीच्या जिवासाठी आहे म्हणालात. त्या फोटोसमोर मी नाही म्हणू? तुम्हाला किती वाईट वाटलं असतं."

"वाईट वाटलं असतं. मग मी दुसरं घर शोधलं असतं." गारेगिनचा आवाज चढला नाही. "दुसऱ्या मजल्यावर ती फिलिपिनो नर्स राहते ना, ती मला दरवर्षी विचारते. थोडं उरलं का म्हणून. मी तिला दरवर्षी नाही म्हणतो. सात घरं भरली म्हणून सांगतो. तुझा वाटा आहे म्हणून सांगतो."

हे विभाला माहीत नव्हतं. तिने तोंडावर हात धरला.

"गुरुवारी नारेला आत घेणार आहेत," तो म्हणाला.

"माहितीये मला. मी रोज अथर्वशीर्ष म्हणते तिच्यासाठी. खरंच, काका. रोज."

"ते मला दिसत नाही. मला हे दिसतंय."

ती रडायला लागली. इतर कुठल्याही दिवशी ती रडली असती तर गारेगिनने तिच्या डोक्यावर हात ठेवला असता. आज त्याचे हात गुंतलेले होते. अर्धवट उघड्या दारातून त्याला गणपती दिसला, समोर तेवणारी समई दिसली, आणि पलीकडे बाल्कनीत त्याने केलेली पेटी दिसली. स्टील अजून लखलखत होतं. विभा ती पुसत असणार.

"चल," तो म्हणाला, "हे त्या पेटीत टाक."

"काय?"

"देवाला वाहिलेलं कचऱ्यात जात नाही, तूच सांगितलंस मला. पेटी मी केली. तुझ्या देवाची फुलं तिच्यात जातात. हे पण देवाचंच आहे. घे, टाक." आणि त्याने ओंजळ तिच्यापुढे धरली.

विभाने ओंजळीकडे बघितलं. वळून पेटीकडे बघितलं, गणपतीकडे बघितलं. तिचा हात थोडा पुढे आलासुद्धा. मग तो मागे गेला आणि तिने दोन्ही हात पाठीशी नेले.

"नाही, काका," ती म्हणाली. "हे माझ्याने नाही होणार."

नऊ वर्षांत त्याने पुढे केलेल्या गोष्टीला तिने म्हटलेलं हे पहिलं 'नाही' होतं.

"येतं की तुला म्हणता," गारेगिन म्हणाला, आणि जिना उतरायला लागला. मागून ती "काका, काका" करत दोन पायऱ्या आली, अनवाणीच. तो थांबला नाही.

खाली येऊन त्याने कचऱ्याची जागा झाडली. करवंट्या, चोथा, काड्या, सगळं नव्या पिशवीत भरलं, पिशवी जाळीखाली नीट सरकवली, जाळीच्या कडांवर विटा ठेवल्या. पाळी त्याची होती. मग घरी जाऊन लवाश डब्यात घातली. शुशानने विचारलं, इतका वेळ का लागला, तर तो कावळ्यांना चार शिव्या देऊन मोकळा झाला. तिचं आधीच नारेच्या काळजीने जेवण तुटलं होतं. तिला हे सांगायची त्याची हिंमत झाली नाही.

गाडीत त्याला बसायला जागा मिळाली. मांडीवर डबा घेऊन तो कावासाकीपर्यंत बसून राहिला आणि सबंध वाट त्याच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. छान झालं होतं, सगळं संपलं. हे वाक्य तिने कोणत्या तोंडाने म्हटलं असेल? आरशासमोर म्हणून बघितलं असेल का? जिन्यावरून येताना मनात घोकलं असेल? शिरा ढवळताना तिला काहीच वाटलं नसेल? आपण तो शिरा चाटूनपुसून खाल्ला. शुशानने त्याची कृती मागून घेतली. रविवारच्या प्रार्थनेत आपण तिचं नाव घ्यायचो, आपल्या पोरीच्या नावानंतर लगेच. कुणी शत्रूने फसवलं असतं तर माणूस चार लोकांत ओरडून सांगतो. हिच्याबद्दल सांगायचं काय? की तिने मला दुखवलं नाही?

कारखान्यामागे पर्सिमनचं एक झाड आहे. मताघची हाडं तिथे पुरायला मालकाने परवानगी दिलेली आहे. दरवर्षी एका बाजूला मूठभर हाडं जातात. यंदाची पुरून झालेली नव्हती, ती त्याने सकाळी डब्यासोबतच आणली होती. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे आत जेवत असताना गारेगिनने कुदळ घेतली आणि नेहमीपेक्षा मोठा खड्डा खणला. हाडं आत ठेवली. त्यावर सातव्या घरचा वाटा, लवाशसकट. मिठाच्या पाण्यात उकडलेलं ते मटण आता माती आणि कावळ्यांच्या चोचींनी काळवंडलं होतं. त्याने प्रार्थना म्हणायला सुरुवात केली आणि नारेचं नाव जिथे यायचं तिथे त्याला शब्द सुचेना. काय सांगायचं देवाला? सात म्हटलं होतं आणि सहाच पोचवले, तेही नऊ वर्षं?

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नारे होती, त्सुकुबाहून, जिथे ती आता शिकायला राहते. इस्पितळात दाखल व्हायची तयारी चालली होती. ती नेहमीप्रमाणे जपानीत बोलत होती आणि तो नेहमीप्रमाणे आर्मेनियनमध्ये उत्तरं देत होता. बॅग भरली का, भरली. जेवलीस का, जेवले. या मुलीने मोठी झाल्यापासून मताघची चेष्टाच केली होती. पप्पा, तुझं कोकरू आणि तुझं मीठ, माझ्या डॉक्टरला पण पाठव एक वाडगा.

"पप्पा," ती आता म्हणाली, "काल सगळं नीट झालं ना? सातही घरं?"

गारेगिनच्या एका हातात कुदळ होती. खड्डा अजून बुजवायचा होता.

"हसू नकोस," ती म्हणाली. "या वेळी मला भीती वाटते. लहान होते तेव्हा काही कळत नव्हतं. आता सगळं कळतं. म्हणून विचारते. सातही झाली?"

"झाली," तो म्हणाला.

"विभाताईकडे पण? काय म्हणाली ती?"

त्याने खड्ड्यात बघितलं. लवाशवर शुशानने काढलेला क्रूस अजून ओळखू येत होता.

"नेहमीचंच," तो म्हणाला. "छान झालं होतं म्हणाली. सगळं संपलं."

पलीकडून नारेने सोडलेला श्वास त्याला स्पष्ट ऐकू आला. "बरं झालं," ती म्हणाली, "मग मी नाही घाबरत."

फोन ठेवून त्याने खड्डा बुजवला, माती पायाने दाबली आणि हात धुऊन तो कामाला लागला. त्या दुपारी त्याने जेवढ्या नळ्या जोडल्या, त्यांतली एकही गळत नव्हती. तरी त्याने प्रत्येक जोड पुन्हा तपासला, आणि सगळे तपासून झाल्यावर पहिल्यापासून परत सुरुवात केली.